गॅरंटी कार्डावरचे गाव

कुपवाड, ४ जून १९७४

ती. स्व. दादास मनूचा शि. सा. नमस्कार.

काल स्वतःचे शिलाई मशीन घेतले. वहिनीचा झंपर पहिला शिवला. तुझा सदरा नंतर; पोट एका मापावर थांबले की कळव.

एक विचारायचे आहे. गॅरंटी कार्ड भरून पंधरा दिवसांत कंपनीला धाडायचे, नाहीतर दुरुस्ती फुकट नाही. मशीनचा नंबर विचारतात ते समजले. पण नवऱ्याचे नाव, मूळ गाव, घरात माणसे किती, हेही विचारले आहे. ह्यांनी माझा हात मोडला आणि मी घर सोडले त्याला दोन वर्षे झाली. मी इथे आहे हे सासरी, पाटणकडे, कुणाला ठाऊक नाही. काय लिहू?

वहिनीस नमस्कार. आठवण ठेवावी.

तुझी मनू

कुंडल, ९ जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मशीनचे वाचून तुझ्या वहिनीने आळीत साखर वाटली. माझ्या पोटाची चौकशी तिच्याकडेच कर.

मशीन बिघडले तर त्यांना नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का पुरे. बाकीचे रकाने मोकळे ठेव. फारच हटून बसले तर माझे नाव आणि कुंडल घाल. कार्ड स्वतः भर, पुन्हा एकदा वाच, मगच पेटीत टाक.

जिवाला जप. माया आहेच.

कृष्णात

कुपवाड, १३ जून

ती. स्व. दादास शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र पोचले, पण उशीर झाला.

तुला लिहिले त्याच संध्याकाळी सुई बदलायला दुकानात गेले. तिथला कारकून नानासो भला माणूस. मशीनचा नंबर घालतो म्हणून त्याने कार्ड मागून घेतले, चहा मागवला आणि विचारले, ताई, गाव कुठले? आपल्याकडे असे विचारले की माणूस सांगतोच. माहेर सांगितले, मग सासर. नाव सांगायला अडखळले तर म्हणाला, उखाण्यात घ्या की. मी घेतला. तो हसत होता आणि लिहीत होता. कार्ड त्यानेच पेटीत टाकले.

आज कळले, मशीन कसे चालते हे विचारायला कंपनी मूळ गावी पोस्टकार्ड धाडते. त्यावर इथला पत्ता असतो. पोस्टकार्ड उघडेच, कुणीही वाचावे.

मशीनवर चादर घातली आहे. जमेल तेव्हा ये.

तुझी मनू

पाटणजवळून, २४ जून

चि. मनूला सासूचा आशीर्वाद.

ह्ये पत्र नाथाजी पोस्टमन लिवतोय. तुझ्या कंपनीचं कार्ड त्यानंच वाचून दावलं, माझ्याच हातात दिलं. जोतीराम तवा रानात हुता. मी कार्ड चुलीत घातलं. नाथाजीनं जोतिबाची आण घेतलीया, कुणापाशी बोलणार न्हाई. कुपवाड कुठं हाय मला ठावं न्हाई, आन् मी कुणाला इचारणार न्हाई.

हात सरळ झाला का? त्या दिशी मी दारातच उबी हुते. मदी पडले न्हाई. मशीन चालीवतीस म्हंजे झाला आसंल.

गावाचं नाव परत कुटं लिवू नगंस.

मला एक चोळी शीव. माप तुला ठावं हाय. नाथाजीच्या नावावर धाड. धाडणाऱ्याचं नाव घालू नगं. टाका बघून मी वळखीन.

बयाबाई, अंगठा