खारूनच्या अलीकडे काका, पलीकडे काकू

बूढापारा, रायपूर
(तारीख टाकत नाही. टाकली तर हे पत्र सुरू कधी केलं आणि संपलं कधी, ते तुला कळेल.)

सौ. मंजिरीताईला आणि शेखरभाऊजींना निरंजनचा मनापासून नमस्कार. तुझी मान आता कशी आहे? नागपुरात ऊन फार असेल तर डोक्याला ओढणी बांधून निघत जा. भाऊजींचा खोकला गेला असेल असं समजून चालतो. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे काका बरे आहेत, काकू बरी आहे, आणि दोघांच्या मधून खारून नदी वाहते तीही बरी आहे.

आधी कबूल करून टाकतो. हे पत्र मी कधीचं टाळून राहिलो. तू म्हणाली होतीस, ‘निरू, फोनवर तू गोल गोल फिरतोस, काय ते नीट लिहून पाठव.’ म्हणून मी त्याच दिवशी सदर बाजारात पेन घ्यायला गेलो. तिथे एका सोनाराच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पैंजण उजळून देत बसले होते. रिठ्याच्या पाण्यात काळेकुट्ट पैंजण टाकायचे आणि बाहेर काढायचे ते नुसते पांढरे शुभ्र. मला ते शिकावंसं वाटलं. आठवडा तिथेच गेला, आणि पेन राहिलं. (आता हे काकांचं पेन आहे, म्हणून अक्षर जरा बरं आलंय. मी बी.ए. अर्धवट सोडलं तेव्हा काका एवढंच म्हणाले होते, ‘शिक्षण सोड, पण अक्षर सुधार.’ दोन्हींपैकी एक झालं.)

तर मुद्द्यावर येतो. तू मला एकच काम दिलं होतंस: काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, खारूनपलीकडे अमलेश्वरच्या फ्लॅटवर राहायला नेऊन सोड. तुम्ही दोघांनी हौसेनं फ्लॅट घेतला, लिफ्टवाला, काकूच्या गुडघ्यांसाठी. बूढापाऱ्यातला आपला जिना तुला माहीत आहे. तो चढताना मलाच कुठेतरी मध्ये मुक्काम करावा वाटतो, काकूचं तर विचारूच नको. दिवाळीनंतर काकू मुकाट्यानं गेली. जाताना म्हणाली, ‘मी माझ्या पोरीच्या घरी चालली, मले काय लाज!’ आणि काकांनी तिला रिक्षात बसवलं, पिशवी दिली, आणि स्वतः वर येऊन खिडकीत बसले. का नाही गेलात म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘खारून ओलांडली की रायपूर लोकसभा संपते अन् दुर्ग लोकसभा सुरू होते. मी रायपूरचा मतदार हाव. हद्द सोडून जाणार नाही.’

ताई, मला आधी वाटलं थट्टा करून राहिले. महादेवघाटावरून पलीकडे दगड मारला तर अमलेश्वरात पडेल इतकं ते जवळ आहे. (मी मारून पाहिला. पाण्यात पडला. पण हात दुखावलेला होता.) तिकडचे लोक रोज रायपुरात भाजी घेतात, रायपुरात सिनेमा पाहतात, पत्ता विचारला तर रायपूरच सांगतात. पण जिल्हा दुर्ग, विधानसभा पाटण, लोकसभा दुर्ग. काका म्हणतात, नदीला लोक फसवू शकतात, मतपेटीला नाही. आणि तुला तर माहीतच आहे, निवडणुकीच्या दिवशी आपल्या बूथवर पहिला नंबर काकांचा. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तेवढाच एक दिवस ते इस्त्रीचा सदरा घालतात. शाळेतला शिपाई त्यांच्यासाठी आधीच खुर्ची टाकून ठेवतो.

मग सुरू झाला मतदारसंघाचा इतिहास. रोज संध्याकाळी, चहाबरोबर. मी ऐकून घेतो, कारण चहा मीच केलेला असतो आणि सोडवत नाही. काका सांगतात, आपले आजोबा नागपूरहून रेल्वेत लागून इथे आले तेव्हा राज्य एकच होतं आणि राजधानी नागपूर. म्हणजे रायपुरात राहूनही माणूस नागपूरच्याच राज्यात. मग छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपली राजधानी भोपाळ झाली. मग दोन हजार साली रायपूर स्वतःच राजधानी. आजोबांची पलंगाची जागा एक वीत हलली नाही आणि घराण्यानं तीन राजधान्या पाहिल्या. पहिल्या निवडणुकीत तर, काका म्हणतात, एका मतदारसंघाचं नावच बिलासपूर-दुर्ग-रायपूर असं लांबलचक होतं, आणि त्यातून खासदार निवडून यायचे दोन. (मी विचारलं, दोघं एकाच खुर्चीवर बसायचे का? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बिस्किटं आणायला उठलो.) पुढे हद्दी पुन्हा आखल्या, दोन हजार आठला आणखी एकदा. कोणता भाग इकडून तिकडे गेला हे काका रात्री जेवताना ताटातल्या वस्तूंनी दाखवतात. लोणचं म्हणजे आरंग, चटणी म्हणजे अभनपूर, आणि पाण्याचा ग्लास म्हणजे खारून. त्या ग्लासापलीकडची पोळी ते खात नाहीत. ती दुर्गची.

मला वाटलं, सापडला मुद्दा. मी म्हटलं, काका, हद्दी एवढ्या हलतात तर तुम्ही काहून हलत नाही? तर म्हणाले, ‘हद्द हलली की आपण नाही हलत. आपण हललो तर मंग हद्द कशाले?’ बी.ए. अर्धवट सोडलेल्या माणसानं मग कपबश्या उचलल्या.

आणि ताई, हे सगळं मी गमतीनं लिहून राहिलो खरं, पण संध्याकाळी काय होतं ते ऐक. चहा झाला की काका तोंड धुतात, पावडर लावतात, केस विंचरतात आणि ऑटोनं महादेवघाटावर जातात. तिथे नदीवर तो पायी जायचा झुलता पूल आहे ना, लक्ष्मणझुला, त्याच्यावर चढतात. पलीकडून काकू येते, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात डबा. पुलाच्या मधोमध एक गंजलेला बोल्ट आहे. काकांच्या मते तिथे रायपूर संपतं. काका बोल्टच्या अलीकडे उभे राहतात, काकू पलीकडे. डबा हद्दीवरून इकडे येतो, आदल्या दिवशीचा रिकामा डबा तिकडे जातो. मग दोघं कठड्याला टेकून नदी पाहत उभे राहतात. कोणी फोटो काढणारी पोट्टी-पोट्टे मधून गेले की पूल हलतो, आणि काका पटकन हात पुढे करून काकूचा दंड धरतात. हात दुर्गमध्ये गेला तर चालतो. एकदा काकूचा पाय चुकून बोल्टच्या अलीकडे आला, तर काका म्हणाले, ‘घुसखोरी!’ आणि काकू म्हणाली, ‘तुमच्या डब्यात मीठ टाकणं बंद करीन, मंग समजंन घुसखोरी.’ मी मागे उभा राहून मुरमुरे खात होतो. मग पुडी तशीच खिशात टाकली.

तेव्हा मी ठरवलं, काहीतरी करायचं. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, चला स्कूटीवर, हटकेश्वर महादेवाचं दर्शन घेऊ. काका बसले. आणि मी देवळापाशी न थांबता सरळ मोठ्या पुलावर घातली गाडी. आपला विचार असा, की एकदा माणूस पलीकडे पोचला की पोचला. पण काकांनी रेल्वेत जन्म काढलाय, रूळ बदललेला त्यांना पाठीला कळतो. पुलाच्या मध्यावर त्यांनी दोन्ही पाय खाली टेकवले. गाडी थांबली, मागे ट्रक थांबला, त्याच्यामागे अख्खं रायपूर थांबलं. काका उतरून कठड्याला धरून उभे, तोंड नदीकडे. पुलावर नारळ-फुलं विकणारी एक बाई धावत आली. तिला वाटलं म्हातारा नदीला नारळ वाहायला थांबला. म्हणाली, ‘बबा, नरियर ले ले, मइया ला चढ़ा दे.’ काकांना नाही म्हणता येईना. त्यांनी नारळ घेतला, कठड्यावर फोडला. ते पाहून मागचे दोघंतिघंही गाड्या लावून फुलं टाकायला लागले. पोलिसदादा आले, त्यांनी आधी हात जोडले आणि मग आम्हाला शिव्या दिल्या. काकांनी फोडलेल्या नारळाची एक वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘ही तिकडे देऊन ये तुझ्या काकूले. मी इथूनच परत जातो.’ आणि ट्रकांच्या मधून चालत रायपूरला परत गेले. मी काकूला खोबरं दिलं. तिनं ते पदरानं पुसलं. मग म्हणाली, ‘चटणी करून देते त्याईले.’

त्या दिवशी घरी आल्यावर मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, काका, कायदा असा आहे की रायपूरचा मतदार दुर्गमधून खासदारकीला उभा राहू शकतो. नाव इथल्या यादीत, निवडून येतो तिथून. मग खासदाराला चालतं ते तुम्हाला काहून चालत नाही? काकांनी बसल्या जागीच खिडकी ओढून घेतली. मला वाटलं, जिंकलो. आणि मग ते हळूच म्हणाले, ‘त्याले पार्टी तिकीट देते निरू. लोक हार घेऊन स्टेशनावर जातात. मले कोणी तिकीट देलं?’

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, ताईनं नाही का सांगितलं, शिफ्ट व्हा म्हणून? तर म्हणाले, ‘शिफ्ट तर फ्रिज होते. पोरीच्या घरी बाप जातो तो पाहुणा म्हणून. आपल्यात पाहुण्याले आवतण लागते. तुम्ही सगळ्यांनी मले जिना सांगितला, गुडघे सांगितले, लिफ्ट सांगितली. या म्हणून कोणी म्हटलं नाही.’ मग उठले आणि नारळाच्या उरलेल्या वाटीचे तुकडे करायला बसले, मागे न पाहता.

तर असं आहे बघ. इतके दिवस मी लोकसभेच्या हद्दीशी भांडून राहिलो. काकूला फोन करून हे सांगितलं. ती फक्त ‘हं’ म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटतं तिला राग आला असेल. काकांना सांभाळून आहे, काळजी करू नको. भाऊजींना आणि घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
निरू

ता. क. खरं काम आता सांगतो. ताई, तू आणि भाऊजी स्वतः या. फोन नको. हळदकुंकू, अक्षता, सुपारी घेऊन या, लग्नाचं आवतण देतात तसं, आणि काकांच्या हातात सुपारी ठेवून म्हणा, बाबा, आमच्या घरी राहायला या. जिन्याचं नाव काढू नका. गुडघ्याचं तर नाहीच. मी सांगितलं असंही म्हणू नका. तुम्हालाच सुचलं असं म्हणा.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून झालं तरी मनात एक राहिलं. काका गेले तर हे घर रिकामं पडेल, आणि मी कुठे जाणार याचा कुणी विचार केला नाही. मी फिरत राहतो ते खरं, पण परत यायला काका खिडकीत बसलेले असतात म्हणून फिरता येतं. हे काकांना सांगू नको. सुपारी मात्र दे.

ता. क. तिसरा, घाईत. पाकीट बंद करत होतो तर खाली रिक्षा थांबली. काकू! एकटी! जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आहे, धाप लागलीय, रेशमी साडी, पदरात सुपारी आणि अक्षता. म्हणते, ‘वर नाही येववत मले. बोलव तुझ्या काकाले. त्याईले सांग, पोरीचं घर असो का कोणाचं, मी आवतण घेऊन आली. मले तिथं एकटीले करमत नाही.’ मी वर सांगायला गेलो, तर काकांनी खिडकीतून सगळं ऐकलेलं. सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घालत जिना उतरून राहिले, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडून राहिले की अख्ख्या बूढापाऱ्यानं खिडक्या उघडल्या, ‘अवं, उठू नको तू! बसून राह्य! मीच येऊन राहिलो!’