निरोप्याची एकतीस सेटिंग्ज

१ जून, सकाळी ६.४०
आजपासून डायरी. देवनागरीत. या घरात देवनागरी मला एकट्यालाच वाचता येते, तीही मी चाळिशीनंतर पुस्तक आणून शिकलो. आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं; वरलक्ष्मी दिवसभर मराठीच बोलते, पण किराण्याची यादीसुद्धा तमिळ लिपीत लिहिते. म्हणजे डायरी टेबलावर उघडी पडली तरी बायकोची भीती नाही.

विषय: २९ तारखेला आईचा ऐंशीवा वाढदिवस. काल आईने अट घातली. रघू आला तर करा, नाहीतर पायसम करून देवाला नैवेद्य दाखवा, मला तेवढं पुरे. रघू म्हणजे रघुपती, माझा धाकटा भाऊ. पापनाशमला शाळेत गणित शिकवतो. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. कारण क्षुल्लक. आमच्या नंदिताच्या साखरपुड्याचं आमंत्रण मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तसं त्यालाही पाठवलं. कलर पीडीएफ, हाय रेझोल्यूशन. सख्ख्या काकाला घरी जाऊन कुंकू लावून, नारळ देऊन बोलवायचं असतं म्हणे. आला नाही.

वरलक्ष्मी म्हणाली, बसने पाऊण तास लागतो, जाऊन या. मी मोठा आहे. मी जाणार नाही. फोनही करणार नाही. त्याने मला ब्लॉक केलेलं असणार. तपासलेलं नाही, पण असणार.

निर्णय: बॉट. सगळ्या नातेवाइकांना आमंत्रण, आठवण, शंकासमाधान, सगळं बॉट करेल. रघूही त्यातच येईल, वेगळा मान नाही. तीस वर्षं नोकरीत एका संस्थेच्या कॉम्प्युटर सिस्टिम्स सांभाळल्या आहेत, नारळ वाटत फिरलो नाही.

२ जून
नंदिताने कोइम्बतूरहून व्हिडिओ कॉलवर बॉट उभा करून दिला. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, तिन्हीकडे चालतो. म्हाताऱ्यांना पहिलं, पोरांना तिसरं, आणि टेलिग्राम रघूसाठी, कारण त्याच्या शाळेचा ग्रुप तिथे आहे. बॉटचं नाव मी ठेवलं: निरोप्या.

सेटिंग्ज फक्त चार. भाषा, वेळ, आवाज की मजकूर, आणि चौथं ‘माणसाशी बोला’. नंदिता म्हणाली, बाबा, एवढी पुरेत, हात लावू नका. आमच्या मिक्सरला याहून जास्त बटणं आहेत. मी मान डोलावली.

३ जून, दुपारी
ट्रायल घेतली. तासाभरात अकरा जणांनी चार नंबर दाबला, आणि अकराही वेळा माझा फोन वाजला. शेषू, हे काय नवीन? शेषू, तब्येत बरी ना? माणसाशीच बोलायचं तर बॉट कशाला केला मी?

चार नंबर बंद केला. म्हणजे दिसतो, दाबताही येतो, पण फोन वाजत नाही. बॉट सांगतो, ‘आपला निरोप नोंदवला आहे. धन्यवाद.’ निरोप ‘नंतर’ नावाच्या फोल्डरमध्ये जातो. त्याची नोटिफिकेशनही बंद केली. स्वच्छ काम. दुपारी झोप लागली.

६ जून
आमंत्रण सुटलं. शुद्ध मराठी, देवनागरी, चौसष्ट कुटुंबांना. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस ‘ओके’. रघूचं उत्तर नाही, पण एकूण प्रतिसाद चौसष्ट टक्के. वरलक्ष्मीला आकडा सांगितला. ती म्हणाली, त्यातला एक ओके माझा आहे. मग म्हणाली, काय लिहिलं होतं?

चौकशी केली. एकेचाळीसपैकी अडतीस जणांना अक्षर लागत नाही. वाईट वाटू नये म्हणून ओके म्हणाले. अशी ही आपली माणसं. मी खचलेलो नाही. नवीन सेटिंग: लिपी. देवनागरी, तमिळ, इंग्रजी. त्याला जोडून अक्षराचा आकार आणि तारीख कुठल्या पंचांगाने हवी तेही. एकूण सात.

९ जून
करंदैचे मुरलीकृष्ण मामा, वय चौऱ्याऐंशी, ऑटो करून घरी आले. बॉट त्यांना ‘तू येणार का रे’ म्हणाला. बसले, दोनदा कॉफी घेतली, आईशी गप्पा मारल्या आणि जाताना विचारलं, रघू येतोय ना?

सगळे तेच विचारतात. ऐंशीवा आईचा आहे की रघूचा?

नवीन सेटिंग: संबोधन. अरे, अहो, मामा, काका, अक्का, अण्णा. त्याला जोडून असलीच आणखी चार. एकूण बारा. नंदिताला स्क्रीनशॉट पाठवला. तिने कपाळाला हात लावलेलं चित्र पाठवलं. तरुण पिढीला तपशिलाची आवड नाही.

१२ जून
रघूने आमंत्रण पाहिलंय. पाहिल्याच्या दोन खुणा दिसतात. उत्तर नाही. म्हणजे गर्व. मी आमंत्रणाला सूर जोडला: साधा, प्रेमळ, औपचारिक, कडक. कुठला लागू पडतो ते कळावं म्हणून त्याला चारही पाठवले. आधी कडक गेला. क्रम उलटा हवा होता, पण आता गेला तो गेला.

आईने सकाळी विचारलं, रघूचं काय? सांगितलं, प्रोसेसमध्ये आहे. ती म्हणाली, म्हणजे कुठे?

१५ जून, रविवार
आज पापनाशमला गेलो होतो. भावाकडे नव्हे. टेलिग्रामचे निरोप तिथे वेळेवर पोचतात का, ते नेटवर्क जागेवर जाऊन तपासणं आवश्यक होतं. बस स्टँडवर उतरलो. नेटवर्क उत्तम. कॉफी घेतली. पुन्हा तपासलं. उत्तम. आणखी एक कॉफी घेतली. रघूचं घर तिथून चार मिनिटांवर आहे, ते मला तोंडपाठ आहे, पण चाचणीच्या कक्षेत बसत नव्हतं. दीड तासाने परतीची बस धरली.

घरी येऊन पिशवी उघडली तर खाली नारळ, कुंकवाची डबी आणि विड्याची पानं. वरलक्ष्मीने न सांगता भरलेली. उगाच ओझं वाहिलं. नारळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तिने तो उचलून फळीवर ठेवला. न विचारण्यात ती पटाईत आहे.

१८ जून
सेटिंग्ज: एकतीस. आजच्या भरतीत जेवणाची आवड, बसायला खुर्ची की पाट, पाय दुखतात का, आणि ‘न येण्याचं कारण’. यात तेरा कारणं मी आधीच लिहून ठेवली आहेत. माणसाला शब्द सुचत नसतील तर मदत व्हावी. सातवं कारण आहे ‘मोठ्या भावावरचा जुना राग’. हे खास कोणासाठी केलेलं नाही.

दुपारी आई माझा फोन घेऊन बसलेली दिसली. आवाजाचं सेटिंग तिला वरलक्ष्मीने दाखवलं. आईने बॉटला विचारलं, रघू जेवला का रे? बॉट म्हणाला, कृपया एक ते एकतीसपैकी पर्याय निवडा. आई म्हणाली, बाळा, एवढं सांग की. बॉटने पुन्हा तेच सांगितलं.

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. उद्या ‘आई’ नावाचं वेगळं सेटिंग करता येईल का बघतो.

१९ जून
नाही करता आलं.

२२ जून
बिघाड. माझा नाही. आठवणीचं सेटिंग मी ‘दर आठवड्याला’ ठेवलं होतं, १८ तारखेच्या भरतीत ते ‘दर तासाला’ झालं. चार दिवस सगळ्यांना तासातासाला ‘ऐंशीव्याला येणार का?’ जात होतं. सतरा जणांनी बॉट ब्लॉक केला. लक्षात घ्या, रघूने नाही केला. एवढे निरोप खाऊन गप्प बसला आहे. लहानपणीही असाच होता, मी डोक्यात टपली मारली की काही बोलायचा नाही, नुसता बघत राहायचा.

सेटिंग दुरुस्त करायला गेलो तर आत सापडेना. एकतीसमध्ये कुठे ठेवलं ते विसरलो. उद्या बघू.

२५ जून
स्वयंपाकी आकडा मागतोय. आई म्हणते, रघूचं कळल्याशिवाय आकडा द्यायचा नाही. वरलक्ष्मीने आज तिसऱ्यांदा सांगितलं, एक फोन करा. मीही तिसऱ्यांदा सांगितलं की निरोप पाठवायचं काम मी पूर्ण केलं आहे, आता चेंडू त्याच्याकडे आहे. चौसष्ट कुटुंबांत उत्तर न देणारा एकच माणूस असेल तर दोष सिस्टिमचा नाही. आईला तसं लेखी देण्याची माझी तयारी आहे. आईला लिहिलेलं वाचता येत नाही, तो भाग वेगळा.

ऐंशीवा रद्द झाला तर जबाबदार मी नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

२७ जून, संध्याकाळी ५
नंदिता दुपारी आली. चहा घेता घेता लॅपटॉप उघडून एकतीस सेटिंग्ज बघत होती. मधेच थांबली. विचारलं, बाबा, हे ‘नंतर’ काय आहे?

फोल्डर. मी विसरलो होतो. त्यात तेवीस निरोप. सगळे एकाच माणसाचे. तमिळ लिपीत, पण आपल्या मराठीत. नंदिताने मोठ्याने वाचले. वरलक्ष्मी दारात उभी होती. इथे उतरवून ठेवतो, कारण दुसरीकडे ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

६ जून: अण्णा, हे काय लिहिलंय? वाचता येत नाही.
७ जून: कळलं आता. आईचा ऐंशीवा. तू आहेस का तिकडे?
१० जून: आईचं गुडघ्याचं औषध बदललं का? मुरली मामा म्हणाले.
१२ जून: चार आमंत्रणं आली. पहिल्यात रागावलास. मी काय केलं?
१५ जून: आज बस स्टँडवर तू बसला होतास. मी समोरच्या दुकानात होतो. पिशवीच्या बुडाशी नारळाचा गोल दिसला म्हणून घरी धावत जाऊन दार उघडून बसलो. तू आला नाहीस.
१८ जून: न येण्याची कारणं वाचली. सातवं माझ्यासाठी आहे का?

पुढचे सतरा तेच आहेत, लहान लहान. आहेस का. अण्णा. आहेस का. प्रत्येकाखाली निरोप्याचं उत्तर: आपला निरोप नोंदवला आहे. धन्यवाद. कालचा शेवटचा: बरं. नोंदवला असेल.

नंदिताने लॅपटॉप मिटला. विचारलं, चार नंबर कोणी बंद केला? लॉगमध्ये लिहिलेलंच आहे. ३ जून, दुपारी २.१०, अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिन एकच आहे.

२८ जून
सहा दहाची बस. फील्ड व्हिजिट. यात माघार वगैरे काही नाही, निरोप पोचले का ते प्रत्यक्ष पाहणं हा कामाचाच भाग. नारळ तोच, कुंकू तेच, पानं नवीन. या वेळी पिशवी मी भरली.

दार रघूनेच उघडलं. केस पांढरे झालेत. मी म्हणालो, उद्या आईचा ऐंशीवा, तुम्ही सगळ्यांनी यायचं. तो माझ्याकडे बघत राहिला, तसाच, लहानपणी बघायचा तसा. मग म्हणाला, आपला निरोप नोंदवला आहे, धन्यवाद. आणि बाजूला सरकला. मी आत गेलो.

कॉफी झाल्यावर रघूने विचारलं, फोन का नाही केलास? मी सांगितलं, तू मला ब्लॉक केलेलं होतंस. त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. कर, म्हणाला. मी केला. वाजला. ‘अण्णा’ असं नाव आलं. दोघंही तो बंद होईपर्यंत बघत बसलो.

तीन वर्षांत मी एकदाही लावून बघितला नव्हता. मला लाज वाटली. हे देवनागरीत आहे म्हणून लिहितो.

२९ जून, दुपारी ३
ऐंशीवा पार पडला. एकशे बारा पानं उठली. आई मधे, रघू एका बाजूला, मी दुसऱ्या. रघू घरून डांगर पचडी, उडदाच्या पिठाची दह्यातली, घेऊन आला होता, आईने तीनदा वाढून घेतली. गुडघे दुखतात म्हणून तिला खुर्ची दिली होती, ती सोडून आमच्यात पाटावर येऊन बसली.

तांत्रिकदृष्ट्या आमंत्रण ६ जूनलाच पोचलं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. पंगतीत मुरली मामांना तेच समजावत होतो. तेवढ्यात रघूचा फोन वाजला. एक वाजला होता. निरोप्याने विचारलं होतं, ‘ऐंशीव्याला येणार का?’ ते तासाचं सेटिंग मला अजून सापडलेलं नाही.

रघूचा उजवा हात पचडीचा. त्याने डाव्या हाताने चार नंबर दाबला, फोन उलटा ठेवला, आणि आईच्या पाठीमागून वाकून मला विचारलं, आहेस का?

आहे म्हणालो.