तळवलीची भोकर

बाबा, आज वाशीच्या बाजारात भोकरं दिसली. हिरवीगार, देठासकट. हात पुढं गेला, तू आठवलास, आणि तसाच मागं आला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. शहरासाठी आपली शेतं गेली होती, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट निघणार होते. तू मला सासरहून, मोऱ्याहून तळवलीला बोलावून घेतलंस. मी स्वयंपाकघरात लोणच्याची भोकरं फोडत बसले होते, काडी मिठात बुडवून बी काढत, नाहीतर तो चिकटा बोटांना सोडत नाही. दोघे भाऊ कागद घेऊन उंबऱ्यात उभे. हक्क सोडल्याचा कागद. गावातल्या लेकी तेव्हा तो देतच होत्या. प्लॉट मागणारीचं माहेर तुटतं, असं बाया हसत हसत सांगायच्या. मला प्लॉट नकोच होता. म्हटलं, परसातली भोकर तेवढी माझी ठेव. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "भोकर तुजी हाय. जगशील तवर भोकरं तोडून ने." मी चिकट अंगठा पदराला पुसला आणि शाईत बुडवला.

दोन उन्हाळे तोडली. तिसऱ्या वैशाखात बरणी घेऊन आले तर परसात भाड्याच्या खोल्या. भाऊ इकडंतिकडं बघतायत, वहिनी चहा ठेवतेय. तू बाजेवर बसलेला, माझ्याकडं न बघता म्हणालास, "झाड तुजंच होतं गो. खालची जमीन तुजी नव्हती." बाबा, परक्या बाईच्या हातावर तरी अशा तुरी दिल्या असत्यास का? चहा मी प्यायले. नाही कसं म्हणणार, माहेर होतं.

पुढं मुलांच्या पुस्तकांवरून मी अक्षरं लावायला शिकले, कुणी शिकवलं नाही. मग त्या कागदाची नक्कल मागून घेतली. तीत घर होतं, परस होतं, प्लॉट होता. झाडाचा शब्दसुद्धा नव्हता. तू फसवलंस, की तुलाही तेव्हा झाड जमिनीवाचून उभं राहील असं वाटलं होतं, हे विचारायला मी आले नाही. रागात वर्षं गेली आणि तूही गेलास.

हे पत्र कुठं टाकायचं? राहील डाळीच्या डब्याखाली. एक मात्र तुला सांगून टाकते. मागल्या महिन्यात माझ्या मुलांनी त्यांच्या बहिणीपुढं तसाच कागद ठेवला. पोर शिकलेली, तरी तिनं माझ्याकडं बघितलं. "आई, तू वाचलायस ना? बरोबर आहे ना?"

मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. म्हटलं, "कर सही."