शेवटाची दुमड

ता. ६ जुलै

चि. चिकटपट्टीस,

अनेक आशीर्वाद. ('चि.' दोनदा आलं खरं. पण चार वर्षांची असताना माझ्या बॅगेच्या पट्ट्याला लोंबकळून तू मैदानभर फिरायचीस. ते नाव आता काही सुटायचं नाही.)

पत्रास कारण की, अखेर आमची परीक्षा ठरली. एकोणीस ऑगस्टला मूल्यमापन समितीचे तिघं येणार आणि विद्यापीठातला आपला खेळाडू-निगा अभ्यासक्रम मान्यतेच्या लायकीचा आहे का, ते दोन दिवसांत बघणार. मान्यता गेली तर पुढच्या वर्षी नवीन मुलं घेता येणार नाहीत, आणि मुलं नसली की विभागाला कुलूप. मैदानावर कोणी कोसळलं तरी आपण गडबडायचं नाही, असं एकोणीस वर्षं मी पोरांना बजावत आले. आणि परवा खोलीची किल्ली बर्फाच्या यंत्रात ठेवून घरी गेले.

कागद किती लागतात ते विचारू नकोस. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, कोणी मैदानावर किती तास काढले, किती पास झाले, किती नोकरीला लागले. सांगाड्याचीसुद्धा नोंद हवी. त्याला जावईबापू हे नाव तुमच्याच वर्गाने दिलं ना, नुसता उभा राहतो आणि सगळे त्याच्याभोवती फिरतात म्हणून? त्यांच्या डाव्या टाचेचं हाड वर्षभर बेपत्ता आहे. आमचे कारकून म्हणाले, की 'अंशतः उपलब्ध' असं लिहू.

सोबत एक फॉर्म आहे. गेल्या पाच वर्षांत शिकून गेलेल्या सगळ्यांना पाठवलाय. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण, खाली मोकळी जागा. नाव लिहायचं नाही. भरलेले फॉर्म माझ्याकडे येणार आणि मीच ते समितीपुढे ठेवणार. ज्याची परीक्षा त्यालाच उत्तरपत्रिका गोळा करायला सांगावं तसं हे आहे, पण नियम तसा आहे. मावशी म्हणून सूट देऊ नकोस. हवं ते लिही, कोणी लिहिलं ते मला कळणारही नाही.

तुझ्या टीमचं कसं चाललंय? त्या गोलकीपरला टेंगूळ आलं होतं म्हणालीस, ती बरी आहे ना? तुझी आई म्हणत होती, की तू हल्ली फोनवर नुसतं 'हं' म्हणतेस. वेळेवर जेवतेस का?

लोभ आहेच. पट्टी बांधतो तसा, घट्ट, पण रक्त चालू राहील इतका.

तुझी,
मावशी


ता. १७ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

आईला सांग, 'हं' हेही उत्तरच असतं. शिवाय ती एका दमात चार प्रश्न विचारते, चारही प्रश्नांना ते चालतं.

मी ठीक आहे. मला दिलेली खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. वरून कोणी पळालं की माझ्या टेबलावर चुना पडतो. नळ गळतो, म्हणून खाली बादली लावलीय आणि त्याच पाण्यात मुलींच्या पट्ट्या भिजवते. मुलींचा फुटबॉल आता बघण्यासारखा झालाय. त्या मला बॅगवाली म्हणतात. नवी आलेली एक तर परवा मला बॅगवालीताई म्हणाली आणि मी एकदम म्हातारी झाले.

फॉर्म भरून पाठवला. जरा वेळ लागला.

गोलकीपर बहिणीकडे राहायला गेलीय. बरी आहे असं कळलं.

मावशी, एक विचारू? इतकी वर्षं तू मैदानाच्या कडेला उभी आहेस. कधी कोचला नाही म्हणालीस का? समजावून, पटवून, हसवून नव्हे. नुसतं नाही. सहज विचारतेय.

जावईबापूंना माझा नमस्कार सांग. टाचेची चौकशी केली म्हणावं.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
चिकटपट्टी


ता. २ ऑगस्ट

चि. चिकटपट्टीस,

अनेक आशीर्वाद.

अठ्ठावन्न फॉर्म गेले होते, एकेचाळीस परत आले. बहुतेकांत पाच, चार, पाच. एकाने मोकळ्या जागेत लिहिलंय, की मॅडमच्या ओरडण्याची आठवण येते. हे कौतुक की तक्रार, ते समितीने ठरवावं.

एक फॉर्म मात्र मधोमध फाटलेला आला. दोन तुकडे, मागून आपल्या पांढऱ्या पट्टीने जोडलेले. मी तो पालथा केला आणि खुर्चीत बसले. पट्टीचं शेवटचं टोक बोटभर आत दुमडलेलं होतं.

सोडवणाऱ्याला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून शेवटाला दुमड ठेवायची, हे मी प्रत्येक वर्गाला सांगते आणि परीक्षा संपली की प्रत्येक वर्ग ते विसरतो. सामना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना कोण दुमडत बसणार? तू बसतेस. मला पाठवलेल्या पार्सलांनाही तू दुमड ठेवतेस.

चौदावा प्रश्न, 'मैदानावर स्वतः निर्णय घेण्याची तयारी अभ्यासक्रमाने करून दिली का?' पाचपैकी एक. आणि खाली तुझ्या दोन ओळी. कोचला विश्वासात कसं घ्यायचं हे तीन वर्षं शिकवलं. कोचला नाही कसं म्हणायचं हे एकदाही नाही.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. ही पोर माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून वाढली, हिला तोंडावर बोलता येत नाही? चिडून तसंच तिघी खेळाडूंचे पाय बांधले आणि तिघींचेही सैल बांधले गेले. मग तुझं ते 'सहज विचारतेय' आठवलं. सहज काही विचारायचं असलं की तू पत्राच्या सुरुवातीला विचारतेस. शेवटाकडे येतं ते सहज नसतं.

कारकुनांनी फॉर्म बघितला. म्हणाले, की फाटलेला फॉर्म नियमाप्रमाणे बाद धरता येतो, त्यात लपवाछपवी काही नाही. बिचारे माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चाळीस फॉर्म फाइलला लागलेत, एक माझ्या खणात आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी शोधतेय. त्याआधी तू मला एक सांग. ते टेंगूळ नव्हतं ना?

रागात लिहिलंय, पण आशीर्वाद तेवढेच आहेत, मोजून घे.

तुझी,
मावशी


ता. ९ ऑगस्ट

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

नव्हतं.

सामन्याच्या पूर्वार्धातच ती गोलच्या खांबावर आदळली. मी पोचले तेव्हा उठून बसली होती आणि हसत होती. तू शिकवलेलं सगळं मी केलं. डोळे बघितले, एका पायावर उभं केलं, गोल किती झाले ते विचारलं. तिने आधीच्या आठवड्यातल्या सामन्याचे गोल सांगितले.

मावशी, मला तिथेच कळलं होतं. बॅगेचा पट्टा खांद्यावर घेऊन मी तिला बाहेर न्यायला वळलेही. तेवढ्यात कोच आले. ते हसून म्हणाले, की स्वतःवर झालेले गोल कुठल्याच गोलकीपरच्या लक्षात राहत नाहीत. मुलीही हसल्या. ती स्वतः म्हणाली, की तिला काहीही झालेलं नाही. आणि मी काय केलं? मी कोचला विश्वासात घेतलं. त्यांना विचारलं, की तुमचं काय मत. तुझ्याच आवाजात विचारलं. मान जराशी तिरकी करून.

उत्तरार्धात एकीचं कोपर तिला लागलं. एरवी त्याने काही झालं नसतं. ती उताणी पडली आणि मी हाक मारली तरी तिला माझं तोंड ओळखू येईना. नऊ दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे म्हणजे चालते, बोलते. उजेड सोसत नाही. वाचायला घेतलं की अक्षरं हलतात. खेळणं संपलं. ती बावीस वर्षांची आहे.

तुला टेंगूळ म्हणून सांगितलं, आईला तेही नाही. वाटायचं, तुला कळलं की तू मला नावं ठेवणार नाहीस, स्वतःला ठेवशील.

फॉर्म मी पूर्ण भरला आणि फाडला. तुझ्यासाठी फाडला. दोन दिवस तुकडे टेबलावर होते. मग तिच्यासाठी जोडला. दुमड ठेवली हे माझ्या ध्यानातही नाही, हाताने आपोआप ठेवली.

विभाग बंद पडावा असं मला वाटत नाही. उलट रोज वाटतं, माझ्या जागी दुसरीकडे शिकलेली कोणी असती तर तिला खांबापाशी ते कळलंही नसतं. पण तो फॉर्म खणात राहू नये असंही वाटतं. तू बाद धरलास तर मी कोणाला सांगणार नाही. तुझ्याकडे पूर्वीसारखीच येईन, ओट्यावरही बसेन. पण बाद धरू नकोस.

पाया पडते. माया असू दे.

तुझी,
चिकटपट्टी


ता. २३ ऑगस्ट

चि. चिकटपट्टीस,

अनेक आशीर्वाद.

समिती आली आणि गेली. आधी निकाल सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. पाच वर्षांची मान्यता मिळाली नाही. दोन वर्षांची मिळाली, अट घालून. दोन वर्षांनी परत येऊन बघणार. पुढच्या वर्षी नवीन मुलं घेता येतील, तेव्हा कुलूप नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गावर गेलेच नाही. संध्याकाळी खणातून फॉर्म काढला आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. कारकुनांनी विचारलं, की निदान मध्ये कुठेतरी लावू या का. मी नाही म्हटलं. एवढं सरळ नाही मी कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं. बिचारे दचकले.

तिघांत प्रमुख एक बाई होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या. स्वतः वीस वर्षं मैदानावर काढलेल्या. त्यांनी आपल्या सहा टेबलांवरून बोट फिरवून धूळ बघितली, बर्फाचं यंत्र उघडून बघितलं (किल्ली नव्हती, देवाची कृपा), जावईबापूंच्या टाचेपाशी वाकून 'अंशतः उपलब्ध' वाचलं आणि हसल्या नाहीत. मग फाइल उघडली. पहिलंच पान तुझं. दोनदा वाचलं.

प्रश्न काहीच विचारला नाही. सात विद्यार्थ्यांना मैदानावर नेलं, एकाला जखमी खेळाडूचं सोंग दिलं आणि समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांना कोच व्हायला सांगितलं. गृहस्थ एरवी शांत, पण कोच झाल्यावर इतके अंगात आल्यासारखे ओरडले की शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. ते म्हणत होते, की खेळाडूला आत पाठवा. आपले पाच विद्यार्थी गोड हसले, मान तिरकी केली आणि सर, तुमचं काय मत, असं विचारू लागले. पाच माना, पोरी, एकाच कोनात. सहावी नाही म्हणाली आणि बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे उभ्याउभ्या मिळालं. सुरुवातीला मला बसायलाही जागा नव्हती. तेव्हाच्या मोठ्या कोचनी सामानाची खोली रिकामी करून दिली, बर्फाचं यंत्र मिळवून दिलं. तेव्हापासून आधी त्यांना खुलवायचं, मग मुद्द्यावर यायचं, अशी सवय लागली. बहुतेक वेळा त्याने काम झालं. त्याला मी हुशारी समजले आणि तुम्हाला शिकवत राहिले. कोचला नुसतं 'नाही' मी कधीच म्हणाले नाही. माझ्या नशिबाने माझ्या वेळी कोणाचं डोकं फुटलं नाही, एवढंच. त्या नशिबाचं मी शिक्षण केलं.

तू खांबापाशी चुकलीस. ते मी पुसणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. पण त्या चुकीचं एक टोक माझ्या हातात आहे.

जाताना बाईंनी विचारलं, की हा फॉर्म बाद धरता आला असता, वर का लावला. मी सांगितलं, की तो आमच्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीचा आहे. त्यांनी तो पालथा केला, दुमडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, की हे मात्र छान शिकवलंय. मग मला घाईने हात धुवायला जावं लागलं.

आता अट. 'नाही' शिकवायचा तास पुढच्या सत्रापासून अभ्यासक्रमात हवा, तोंडी नव्हे, मैदानावर. तो मला शिकवता येणार नाही, मलाच येत नाही. तू शिकवशील का? मी मागच्या बाकावर बसून वही काढीन.

आणि गोलकीपरला भेटायला मला ने. काय बोलायचं ते माहीत नाही. पण जायचंय.

जीव लावलाय तो तसाच आहे, एका फॉर्मने सुटत नाही.

तुझी,
मावशी


ता. ५ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

येते. पण मागच्या बाकावर बसून कुजबुजलीस तर बाहेर काढीन.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सरावात आमच्या एका मुलीचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आपटलं. कोच लांबूनच म्हणाले, की पाणी मारा आणि आत सोडा. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, की ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं, आणि मावशी, आवाज दाराच्या बिजागरीसारखा आला. तिला हाताला धरून बाहेर नेलं, पायऱ्यांखाली अंधारात बसवलं, आणि नंतर तीच मला पाणी देत होती. चार दिवस झाले, कोच माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी आहे अजून. जिचं डोकं आपटलं तिला दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, पण आता ती ठीक आहे. नुसती ठीक, टेंगळासारखी ठीक नव्हे. सगळं आईलाही सांगितलं. ती 'हं' म्हणाली आणि मग रडली.

काल गोलकीपरकडे गेले होते, तुला न्यायच्या आधी एकटीने. खोलीला जाड पडदे, ती काळा चष्मा लावून बसलेली. खांबापाशी मला कळलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, की तिलाही कळलं होतं, आकडा चुकलाय हे सांगताक्षणी. मग तिने लिंबाचं सरबत केलं, मीठ विसरली, मी तसंच प्यायले.

तुझ्याबद्दल सांगितलं. तासाबद्दलही. म्हटलं, एकाला कोच व्हावं लागेल, एकाला बॅगवाली, आणि एकाला डोकं आपटलेली खेळाडू. तिने विचारलं, की खेळाडू कोण होणार. मी म्हटलं, वर्गातलं कोणीतरी. ती म्हणाली, की ते काम ती करणार. चष्मा लावून येईल, थोडा वेळच उभी राहू शकेल, पण येईल. कारण मला काही झालेलं नाही, मला खेळू दे, हे तिच्याइतकं खरं वाटेल असं दुसऱ्या कोणालाच म्हणता येणार नाही. ते ऐकूनही जो नाही म्हणेल, तोच पास.

माया आहे तितकीच घट्ट ठेव. टोक दुमडलेलं आहे, पण ओढू नकोस.

तुझी,
चिकटपट्टी