खिडकीखालची जागा

३ मार्च
कोपऱ्यावरच्या खांबावर नगरपालिकेची नोटीस. आपल्या रस्त्यावरचं पार्किंग काढून सायकल लेन करणार म्हणे. हरकती असल्यास सुनावणीला या. म्हणजे माझ्या खिडकीखालची जागा जाणार! बायको म्हणाली, गाडी शेवटची कधी हलली होती? हिला कळतच नाही. गाडी हलवली की जागा गेली. याला धोरण म्हणतात.

५ मार्च
पार्किंग बचाव समिती स्थापन. अध्यक्ष मी, सचिव समोरचे दातांचे डॉक्टर. दुखरा दात घेऊन सायकलवर कोण येणार, असा त्यांचा सवाल. मुद्दा बिनतोड, लिहून घेतला. मग म्हणाले, तुम्हीसुद्धा अधूनमधून गाडी हलवलीत तर पेशंटची सोय होईल. हे लिहून घेतलं नाही.

८ मार्च, सकाळ
संकल्प: आजपासून घरोघरी जाऊन सह्या गोळा करणे. गुडघा कुरकुरतोय. दुपारनंतर बघू.

८ मार्च, संध्याकाळ
बायकोची सायकल घेऊन निघालो. गाडी काढायचा प्रश्नच नाही, जागेवर लोक टपून बसलेले असतात. बेकरीवालीने विचारलं, सायकल लेन नको म्हणून सही मागायला सायकलवरून आलात? म्हटलं, मग? ती म्हणाली, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का? सही दिली नाही. लोकांना बोलायची रीतच राहिली नाही.
परतताना अगदी घराजवळ बस अंगावर आली. बाजूला व्हायला जागा कुठे, कडेला गाड्या लावून ठेवलेल्या. जीव मुठीत धरून सुटलो. सायकलवाल्याला या शहरात काडीची किंमत नाही.
(हे सुनावणीत बोलायचं नाही.)

१२ मार्च
भाषण तयार. बायकोला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, माझी सायकल कधी देतोस? चार दिवस कामाला पायी जातेय. मोठ्या कार्याला घरातून पाठिंबा मिळत नाही तो असा.

१६ मार्च
सुनावणी. सायकल हॉलमागच्या बोळात लपवली. माझं भाषण झकास झालं. शेवटी टेबलावर मूठ आपटून विचारलं, आमच्या रस्त्यावर सायकल चालवतं कोण? एक माणूस दाखवा! टाळ्या.
मग नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई उठल्या आणि त्यांनी पडद्यावर माणूस दाखवला. रस्त्याच्या पाहणीत टिपलेला फोटो: एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला उभी गाडी, मधे सायकलवर चेपलेला एक इसम, तोंड उघडं. म्हणाल्या, लेन अशांसाठीच आहे. चेहरा पुसट केला होता. पण स्वेटर पट्ट्यापट्ट्यांचा होता आणि आज मी तोच घातला होता. उभी गाडीही माझीच. हॉल हसून लोटपोट. डॉक्टरांनी खुर्ची दोन हात लांब सरकवली.
एकूण, सुनावणीत माझी दखल घेतली गेली.

२ एप्रिल
लेन मंजूर. गाड्या हटवा म्हणतात. संकल्प: गाडी जागची हलणार नाही. ठिय्या आंदोलन!

७ एप्रिल
बायकोने फारच लावून धरलं म्हणून, केवळ तिच्या समाधानासाठी, गाडी हलवायला गेलो. चालूच होईना. मेकॅनिक म्हणाला, वायरी उंदरांनी खाल्ल्यात, आत त्यांचा संसार आहे. म्हणजे ठिय्याला आता गाडीचाही पाठिंबा.

९ एप्रिल
क्रेनने नेली. खिडकीतून पाहत होतो. खाली तेलाचा डाग आणि वाळक्या पानांचा चौकोन उरला. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जिवापाड राखलेली जागा. जेवण गेलं नाही.

५ मे
गाडी सोडवायला उद्या नक्की जाणार. तोवर ऑफिसला सायकलने. लेनमधून, पण निषेध म्हणून. वारा बरा लागतो. बायकोने स्वतःला नवी सायकल घेतली, जुनी माझ्या गळ्यात मारली.

१९ मे
हद्द झाली. लेनमध्ये गाडी! तीही माझ्याच खिडकीखाली! डॉक्टरांची निघाली. म्हणाले, दोनच मिनिटं, आणि तुम्ही तर आपल्या समितीचे अध्यक्ष. माझं डोकं फिरलं. रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का, असं भर रस्त्यात ओरडलो.
बेकरीवाली दारातच उभी होती. पाव न घेता घरी आलो.