सरुबाईचं पाणी

१२ जानेवारी १९९६, भिगवण
पोचले एकदाची! कोऱ्हाळ्याहून बारामती, तिथून एसटीनं भिगवण. नावाडी दादासोंच्या होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवायचं काम मला मिळालंय. पोरीची जात आणि होडीवर, म्हणून माझे दोघे भाऊ बोलायचे बंद झाले; असू दे. दादासोंच्या आईनं, कुशाबाईंनी, आल्या आल्या तळलेली चिलापी मासळी आणि गरम भाकरी वाढली. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग लांबवर गेलेली. दुर्बीण खाली ठेववेना.

१५ जानेवारी
पहिली फेरी झकास झाली. परतताना पक्ष्यांच्या पलीकडं एक बाई गुडघाभर पाण्यात उभी दिसली. मासे धरत असेल, म्हणून मी हात केला. दादासोंनी लगेच होडी वळवली. काठाला लागल्यावर म्हणाले, तिथं होडीचा बांबूसुद्धा तळाला लागत नाही.

१६ जानेवारी
कुशाबाईंनी सांगितलं. जुन्या गावात धरणाचं पाणी शिरलं तेव्हा सरुबाई घर सोडून निघाली नाही. आता तिला काठावर यायचंय, माणसं खाली न्यायला, घर भरायला. पण कुणी होडीतून नाहीतर पाठीवरून आणल्याशिवाय तिला येता येत नाही. जो हात करील त्याच्या ती मागं लागते.
"पोरी, सकाळच्या एसटीनं घरी जा," म्हणाल्या. "हितं थांबू नगंस."
नाही जाणार. जिवंत भावांना जुमानलं नाही, मेलेल्या बाईला कशाला भिऊ?

१९ जानेवारी
रोज जवळ येते. पक्षी तिच्या पायांशी चरतात, बिचकत नाहीत. आज पाहुण्यांची छकुली होडीतून वाकली. ती मावशी हात देतेय, म्हणाली. फ्रॉक धरून मागं ओढली. पोरीचं मनगट गारठलेलं, वर बोटांचे वळ.

२१ जानेवारी
दादासोंनी फेऱ्या थांबवल्या. माझी पिशवी त्यांनीच भरून ठेवली. पण मी गेले तर ती दुसऱ्या कुणाला धरील. पक्षी दिसले की प्रत्येक पोर हात हलवतं. उद्या दुपारी एकटीच जाते. बघू तिची हिंमत.

२२ जानेवारी, दुपार, होडीत
समोर आली. तिला सांगितलं, "सरुबाई, हात मी केला. पोरांच्या वाटंला जायचं न्हाय."
ती चढली. होडी हलली नाही —

बसलीय. पदरातून पाणी गळतंय, थांबत नाही. काठाकडं बोट दाखवते. तिथं पाहुण्यांची जीप आलीय. लहान मुलं —

वल्ही पाण्यात फेकली. दोन्ही. आता कोण नेतं बघू तुला —

पक्षी सगळे एकदम उडाले.

होडीत पाणी पोटरीपर्यंत. ती म्हणते, ऊठ, पोहत चल, मी पाठीवर बसते. मी एका हातानं फळी घट्ट धरलीय. उठणार नाही. कितीही ओढ, मी उठ —