चावी माझ्याकडे आहे

बाबा,

ट्रॅक्टरची चावी मी बरोबर नेली आहे, उगाच फडताळं उपसत बसू नका. मक्याच्या ताटांची कुट्टी आज झाली नाही म्हणून शेत काही पळून जात नाही.

काल बाही कुंपणाला अडकली म्हणालात. कुंपणाला एवढे दात कधी फुटले? शर्ट धुवायला घेतला तर कोपरापर्यंत चिंध्या, आणि चिंध्यांत ताटांचा भुसा. ट्रॅक्टरला जोडलेलं कुट्टीयंत्र चालू ठेवूनच अडकलेली ताटं हाताने ओढलीत ना? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बाह्या आखूड करून शर्ट खुंटीला लावलाय. दुपारी मिस्त्रीला घेऊनच येते. यंत्राच्या तोंडाला जाळी बसली की रागवायचं तेवढं रागवा. चावी तुमच्या हातात देईन, दोन्ही हातांत.

— धाकटी